जांभईचे वाटेकरी

ज्ञानदाची गोळीची ओढ वाटून घ्यायला शिर्क्यांच्या घरात बैठक बसली, तेव्हा पहिलं भांडण झालं ते जावयाच्या हिश्श्यावरून.

"जावयाला दहा टक्के?" मनीषाआत्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "बाहेर कळलं तर लोक काय म्हणतील? घरच्या जावयाची दहा टक्क्यांवर बोळवण केली म्हणून?"

"आत्या, हा आहेर नाहीये," ज्ञानदाचा नवरा मल्हार म्हणाला. "त्रास आहे, त्रास. जितका कमी तितका बरा."

"त्रास असू दे नाहीतर पैठणी. देताना मान राखायचा असतो."

अथर्वराव, मल्हारच्या बहिणीचे यजमान, सोफ्याच्या टोकाला बसले होते. ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "माझं काही नाही हो. वहिनींसाठी काय, शून्य टक्के दिलेत तरी मी घेईन." आणि समोरचा चहाचा कप त्यांनी बोटाने वीतभर पुढे सरकवला. कप सरकला म्हणजे अथर्वराव रुसले, हे अख्ख्या चिपळुणातल्या शिर्क्यांना ठाऊक होतं.

सासूबाईंनी लगेच निकाल दिला. जावयांना आत्यांइतकंच. मल्हारला त्याहून थोडं कमी, कारण तो छपरांवर चढून सौर पत्रे दुरुस्त करतो, तोल जायला नको. सासूबाईंना उरलेलं.

"आणि मला?" ज्ञानदाने विचारलं. ती जाईला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली होती. "पेशंट मी आहे. मला काही ठेवायचं की नाही?"

"ठेवू की," सासूबाई म्हणाल्या, "चवीपुरतं."

ज्ञानदा शाळेची बस चालवायची. सपाटीवरच्या बस एव्हाना आपल्या आपण धावायला लागल्या होत्या, पण डोंगराकडच्या वाड्यांमधल्या आईबापांनी हट्ट धरला होता, की आमच्या वळणांवर माणसाचाच हात पाहिजे. तो हात ज्ञानदाचा होता. जाईच्या जन्मानंतर तिच्या मणक्यातली चकती सरकली, शस्त्रक्रिया झाली आणि दुखण्यावर एक पांढरी गोळी मिळाली. गोळीने दुखणं थांबलं. मग पाठ दुखायची राहिली, पण गोळी काही सुटली नाही. सकाळची एक, दुपारची एक, मग "आज वळणं जास्त होती" म्हणून एक, पुढेपुढे एका वेळी दोन.

एका दुपारी तिने बस काजूच्या झाडाखाली कडेला लावली. जरा डोळे मिटते, म्हणाली. पोरांना वाटलं मॅडम स्टॅच्यू खेळताहेत. सगळी बस चिडीचूप बसली. पहिलीतल्या एका मुलीने आपल्या डब्यातली अर्धी पोळी गुंडाळून हळूच तिच्या ओंजळीत ठेवली, मॅडमना जागं झाल्यावर भूक लागेल म्हणून. कुणीतरी स्कूटरवाल्याने काच बडवली तेव्हा ज्ञानदाला जाग आली.

झालं काहीच नव्हतं. पण त्या संध्याकाळी पोळीचा तुकडा हातात तसाच धरून ती शाळेच्या ऑफिसात गेली आणि बसची किल्ली टेबलावर ठेवून आली. संस्थेच्या बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी लिहून दिलं की ही किल्ली तुझीच." तेव्हापासून ज्ञानदाला रस्त्यावर कुठल्याही बसचा हॉर्न ऐकू आला की हात आपोआप मांडीवर गोल फिरायचे.

डॉ. परकार नदीपलीकडे बसायच्या. बोलायच्या भराभर आणि समजावून सांगताना हाताला लागेल ती वस्तू वापरायच्या. त्या दिवशी हाताला पेन लागलं. त्यांनी ते उघडून आतली स्प्रिंग काढली.

"तुझ्या मेंदूच्या देठाशी एक इवलासा ठिपका आहे. पहारेकरी समज. धोका वाटला की तो ओरडतो, मग छाती धडधडते, अंगावर काटा येतो, पोट ढवळतं. ही गोळी दुखणं झाकते, तसाच या पहारेकऱ्याच्या तोंडावरही हात ठेवते. रोज हात ठेवलास की तो जास्त जोरात ओरडायला शिकतो. गोळी आहे तोवर आवाज ऐकू येत नाही. आणि एक दिवस हात काढला, की..." त्यांनी दाबलेली स्प्रिंग सोडली. ती उडून मल्हारच्या चहात पडली.

"असं," डॉक्टर म्हणाल्या. "शिवाय मेंदू स्वतःपुरती दुखणं शमवणारी द्रव्यं घरच्या घरी बनवत असतो. बाहेरून आयता डबा यायला लागल्यावर त्याने चूल विझवलेली असते. ती पुन्हा पेटेपर्यंतचा जो मधला काळ असतो, तोच माणसाला परत गोळीकडे ढकलतो. जांभया, नाक गळणं, पोटात मुरडा, जीव कुठे ठेवू असं होणं. या मधल्या काळासाठी हे आहे."

त्यांनी पुढे केलेल्या डबीत बोटाएवढ्या मऊ पट्ट्या होत्या. छापील नाव सहवेदक; लोकांनी कानपट्टी करून टाकलं होतं.

शोध लागला तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीत. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरलं की त्याची धडधड शांत होते, हे जुनंच. पण नव्या यंत्रांनी एक गंमत दाखवली. बाळ शांत होत असताना आईच्या अंगातला पहारेकरी थोडा जागा होत होता. बाळाची कासाविशी नाहीशी होत नव्हती, ती आईच्या अंगात जिरत होती. मानेतून हृदयाकडे आणि आतड्याकडे जाणारी एक लांब नस असते, सगळा कारभार तिच्यातून चालायचा. कानपट्टी कानामागून त्या नसेचे तरंग वाचते, दुसऱ्या कानपट्टीला देते, दुसरं शांत शरीर ते पिऊन टाकतं आणि बदल्यात आपली शांतता परत पाठवतं.

"एकूण त्रास तेवढाच," डॉक्टर म्हणाल्या. "खांदे वाढतात फक्त. प्रत्येकाच्या पट्टीला चाकी आहे. कुणाला काम असलं तर त्याने जरा कमी करावं, दुसऱ्याने वाढवावं. गोळ्या मी पायरीपायरीने उतरवणार, एकदम बंद करायच्या नाहीत, ते धोक्याचं असतं. आणि शेवटची गोळी झाली की घरात उरलेल्या सगळ्या इथे आणून द्यायच्या. सगळ्यात वाईट दिवस पहिला नसतो, ज्ञानदा. दीड-दोन महिन्यांनंतरचा असतो. शरीर सवय विसरलेलं असतं, मन जुनं माप विसरलेलं नसतं. जुन्या मापाने घेतलीस तर श्वास थांबेल, आणि तुला कळणारही नाही."

मल्हारने चहातून स्प्रिंग काढून, पुसून परत केली.

शेवटची गोळी झाली त्या दुपारी उरलेली पाकिटं जेवणाच्या टेबलावर मांडली गेली. सगळे भोवती जमले.

"एक्सपायरी अजून लांब आहे," सासूबाई पाकीट उजेडात धरून म्हणाल्या.

"किती महाग असतात या," आत्या म्हणाल्या.

"औषध आहे शेवटी," अथर्वराव म्हणाले. "कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"डॉक्टरांनी सांगितलंय परत द्यायच्या," मल्हार म्हणाला, आणि बूट घालायला गेला. तो परत आला तेव्हा टेबल रिकामं होतं. त्याला वाटलं ज्ञानदाने पिशवीत भरल्या. ज्ञानदाला वाटलं मल्हारने नेल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी "गोळ्या खिडकीवर जमा केल्यात ना?" असं विचारलं तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली.

मग सुरू झाला मधला काळ.

मनीषाआत्या व्यसनमुक्ती महिला समितीच्या अध्यक्ष. शेजाऱ्याने अंगणात विडी ओढली म्हणून त्याच्याशी वर्षभर अबोला धरलेली बाई. बाजारपेठेत त्यांची फेरी निघाली आणि माईक हातात घेतल्या घेतल्या त्यांना जांभई आली. साधीसुधी नाही, कानापर्यंत. मग दुसरी. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, ऐन उन्हात हातावर काटा. "व्यसन," त्या म्हणाल्या, आणि शिंकल्या. पानटपरीच्या फळीवर बसलेला एक गृहस्थ उठला, आपला रुमाल त्यांच्या हातात देऊन म्हणाला, "पहिले दिवस असंच होतं, मावशी. मी तीनदा सोडलीय. लिंबूपाणी घ्या आणि गर्दीत फिरू नका."

अथर्वराव बँकेत कर्जविभागाचे प्रमुख. त्यांच्या समोर बसून एकजण नारळाच्या बागेचं प्रकरण सांगत होता, इतक्यात त्यांच्या डोळ्यांना धार लागली. तो माणूस बाहेर जाऊन सांगत सुटला, की साहेब आपलं ऐकून रडतात. दुसऱ्या दिवशी बँकेबाहेर रांग. सासूबाईंना तर एका जागी बसवेना. त्यांनी देवघरातली पितळी भांडी घासली, मग पुन्हा घासली, मग शेजारणीची मागून आणली. कुकरने शिट्टी दिली की त्या त्याला म्हणायच्या, "ओरडू नकोस माझ्या अंगावर." मल्हार छपरावर पोट धरून बसायचा आणि खालून गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, बिघाड फार मोठा आहे का?"

ज्ञानदाला काय होत होतं? थोडीशी सर्दी.

कारण उघड होतं. आत्यांनी चाकी दोन घरं वर सरकवली हे कळल्यावर अथर्वराव तीन घरं वर गेले. जावई मागे राहिला असं व्हायला नको. ते कळल्यावर सासूबाईंनी कुणाला न सांगता आपली वाढवली, आणि बायकोसाठी आपण एवढंही करू नये का म्हणून मल्हारने. ज्ञानदाच्या वाट्याला चव घेण्यापुरतंही उरलं नाही. ती जाईला न्हाऊमाखू घालायची, भाजी निवडायची, आणि चहूकडे लोक तिच्या नावाने शिंकत, कण्हत, भांडी आपटत फिरायचे. स्वतःच्याच आजारपणाला आपण पाहुणी आलोय असं तिला वाटायचं. "मी काही करू का?" ती विचारायची. "तू नुसती बस," सासूबाई दात आवळून म्हणायच्या.

आणि म्हणूनच ते घडलं. बसवर घालायचं तिचं खाकी जाकीट धुवायला काढताना आतल्या खिशात एक गोळी सापडली. ज्ञानदा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तिच्याकडे बघत बसली. घाबरायला हवं होतं, पण भीती कशाची घ्यायची? ज्या नरकाबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं तो तिने पाहिलाच नव्हता. तिच्या जागी तिथे चार माणसं जाऊन आली होती. एवढुश्या सर्दीला काय भ्यायचं, असं मन म्हणालं, आणि तिने अर्धी गोळी तोडून गिळली.

चिपळुणात चार ठिकाणी, एकाच वेळी, स्वर्ग उतरला.

सासूबाई दारात कोळणीशी बांगड्यांच्या भावावरून हातघाईवर आल्या होत्या. त्या बोलता बोलता थांबल्या, हसल्या, म्हणाल्या, "तू म्हणशील ते देते गं बाळा," आणि कोळीण घाबरून टोपली उचलून निघून गेली. समितीच्या सभेत आत्यांनी विरोधी गटाचा ठराव टाळ्या वाजवून मंजूर केला. अथर्वराव खुर्ची मागे टाकून पंख्याकडे बघत गुणगुणायला लागले. मल्हार छपरावर आडवा झाला. त्याला ढग इतके आवडले की त्याने फोन करून ज्ञानदाला सांगितलं, "ज्ञानू, वर बघ." आणि मग, बोलता बोलताच त्याला कळलं.

तो घरी आला तेव्हा ती रडत होती. तो शेजारी टेकला. मागोमाग बाकीचे आले. ज्ञानदा ओरडा खायला मान खाली घालून बसली.

ओरडलं कुणीच नाही.

"असू दे गं," मनीषाआत्या मऊ आवाजात म्हणाल्या. "माणूस आहे. एखाद्या वेळी चालतं."

एखाद्या वेळी चालतं? विडीवरून वर्षभर अबोला धरणाऱ्या आत्या? ज्ञानदाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. तिच्या पाठीतून गार शिरशिरी गेली, आणि ती कानपट्टीची नव्हती.

उरलेली अर्धी गोळी तिने मल्हारसमोर नळाखाली धरून विरघळवली. पुढचे आठवडे तिने सरळ रेषेत काढले. डॉ. परकार खूश झाल्या. "असंच चालू राहिलं तर लवकरच लिहून देते तुझं पत्र," त्या म्हणाल्या. ज्ञानदाने घरी येऊन बसचं जाकीट इस्त्री केलं आणि दाराच्या आतल्या खुंटीवर टांगलं.

घरात मात्र सगळे फार गोड वागायला लागले होते.

"दमलीस का गं? दमली असशील तर सांग," सासूबाई म्हणायच्या आणि तिच्या तोंडाकडे आशेने बघत राहायच्या.

"वहिनी, कंबर काय म्हणते?" अथर्वराव संत्री घेऊन वाकडी वाट करून यायचे. "दुखत असेल तर लपवू नका. दुखणं अंगावर काढणं चांगलं नाही."

"नाही दुखत, अथर्वराव."

"नाही? जरासुद्धा?" ते खट्टू होऊन परत जायचे.

एका सकाळी पोह्यांच्या डब्यात हात घातला तर कागदाच्या पुडीत एक पांढरी गोळी. चुकून पडली असेल, म्हणून ज्ञानदाने ती नळाखाली सोडून दिली. दोन दिवसांनी पर्सच्या कप्प्यात, बसमधल्या शिट्टीशेजारी, दुसरी. ती पण तिने टाकली, पण या वेळी टाकायला वेळ लागला. गोळी तळहातावर असताना डोक्यात जुनं माप आपण होऊन जुळून आलं: एकीने काय होणार, मी तर दोन घ्यायची. मग डॉक्टरांचं वाक्य आठवलं. शरीर विसरलेलं असतं, मन विसरत नाही. तिने मूठ उघडली. कुणाला काही विचारावं, तर काय विचारायचं? मला गोळी कोण ठेवतंय? ज्या घराने तिच्यासाठी इतकं सोसलं त्या घराला?

त्याच संध्याकाळी ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. समोर जाईची भातुकली मांडलेली. जाई अडीच वर्षांची, पाहुण्यांना चहा दिल्याशिवाय सोडायची नाही.

"आई, चहा घे," तिने पितळी कपबशी पुढे केली. "साखर घातली."

ज्ञानदाने कप तोंडाला लावण्याचं नाटक केलं, आणि तो खाली घेताना आत पाहिलं. तळाशी पांढरी गोळी.

"ही कुठे मिळाली, राणी?"

"तुझ्या उशीखाली. दोन होत्या." जाईने दुसरा कप उचलला. "हा माझा."

तांदळाचं सूप कुठे गेलं हे ज्ञानदाला कळलं नाही. कप अंगणाच्या पार टोकाला जाऊन पडला, जाईने भोकाड पसरलं, आणि ज्ञानदा तिच्या इवल्या तोंडात बोट घालून हिरड्या, जीभ, गालांचे कोपरे पुन्हा पुन्हा चाचपत राहिली. काही नव्हतं. दुसरी गोळी कपातच होती, कपाबरोबर मातीत गेली होती. तिने दोन्ही उचलून पदरात बांधल्या, पोरीला छातीशी धरलं आणि पायरीवर बसून राहिली, जाईचे हुंदके थांबेपर्यंत आणि नंतरही.

दिवेलागणीला तिने सगळ्यांना बोलावलं. डॉ. परकारांनाही बोलावलं, त्या भिंतीवरच्या पडद्यावर आल्या. ज्ञानदाने दोन गोळ्या ताटलीत काढून मधोमध ठेवल्या.

"या जाईच्या चहात होत्या," ती म्हणाली.

मग सासूबाईंच्या तोंडून अगदी बारीक आवाज आला. "मी पोह्यांतच ठेवली होती. एकच."

"मी पर्समध्ये," अथर्वराव म्हणाले. "मीही एकच. मला वाटलं फक्त मलाच असं होतंय."

"असं म्हणजे कसं?" डॉक्टरांनी पडद्यावरून विचारलं.

अथर्वरावांनी कानामागे हात नेला. "त्या दिवशी जे वाटलं ना, वहिनींनी अर्धी घेतली तेव्हा... तसं पुन्हा एकदा वाटावं असं वाटतं. सारखंच वाटतं. मी आयुष्यात सुपारी खाल्लेली नाही हो."

मल्हार जमिनीकडे बघत होता. "मी ठेवली नाही," तो म्हणाला. "पण परवा आईला ठेवताना पाहिलं. आणि बघून न बघितल्यासारखं केलं."

उरल्या आत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा काढला. "उशीखाली मी," त्या म्हणाल्या. "दोन. एकीने पुरेल की नाही, वाटलं." आणि विडीवरून अबोला धरणारी ती बाई तोंडाला पदर लावून रडायला लागली. "पोरीच्या हाताला लागेल हे मनातच आलं नाही गं माझ्या. दिसत होती ती फक्त गोळी."

"हे आमच्या माहितीपत्रकात नाही," डॉ. परकार म्हणाल्या. "त्रास वाटता येतो हे आम्ही मोजलं. सुटकाही वाटली जाते, आणि सुटकेचीच चटक लागते, हे मोजलं नव्हतं. गोळी न खाताच चौघांना गोळीची सवय झाली. आणि काय हो, या गोळ्या तुमच्याकडे आल्या कुठून? दोघांनी मान डोलावली होती ना माझ्यासमोर?"

यावर जी पाकिटं बाहेर यायला लागली! सासूबाईंचं डाळीच्या डब्यामागून, अथर्वरावांचं गाडीतून. आत्यांनी आपलं समितीच्या गुंडाळलेल्या फलकातून काढलं, 'व्यसनाला थारा नको' असं लिहिलेल्या.

"टाकायच्या कशा?" सासूबाई पुटपुटल्या. "एक्सपायरी..."

"आई," ज्ञानदा म्हणाली, "माझी संपली असती ना एक्सपायरी, दोन गोळ्या जुन्या मापाने घेतल्या असत्या तर."

सासूबाईंनी आपलं पाकीट ताटलीत टाकलं. मग तिने हात पुढे केला. "पट्ट्या काढा. मला माझी ओढ परत द्या."

"सगळी?" मल्हार म्हणाला.

"सगळी. मी तिला अजून भेटलेच नाहीये. घाटात वळण कुठे आहे हे ठाऊक असलं की आधीच वेग कमी करता येतो. तुम्ही मला डोळे बांधून खाली उतरवलंत."

आता पुन्हा भांडण, पण या वेळी कुणी हिस्सा सोडायला तयार होईना. आत्या म्हणाल्या, मी मोठी, मी शेवटी काढणार. अथर्वराव म्हणाले, मग जावयाने काय आधी उठून जायचं? डॉक्टरांनीच तोडगा काढला. कुणीच एकदम काढायची नाही. रोज एकेक घर चाकी खाली, सगळ्यांनी बरोबर, जावई आणि आत्या एकाच क्षणाला.

चाकी जसजशी खाली आली, तसतशी ज्ञानदाची ओढ घरी परतली. अंगावर काटा, पोटात पिळा, पायांना बसवेना. जांभया तर अशा, की जबड्याचं बिजागर निखळेल. जाई आपल्या फ्रॉकचं टोक धरून तिचं नाक पुसायची आणि विचारायची, "आई, तू रडते का गळते?" "गळते," ज्ञानदा म्हणायची, आणि हसताना आणखी गळायची. पण तिला एक गोष्ट कळत गेली. ओढ वळणासारखी यायची. आधी खांद्यांत चाहूल, मग सगळं अंग आवळून घेणारी वाट, आणि श्वास लांब सोडत हळूहळू पुढे गेलं की पलीकडे सपाटी. दर खेपेला सपाटी. मेंदूतली चूल धुमसत धुमसत का होईना, पेटत होती.

तिकडे बाकीच्यांना आता त्यांची स्वतःचीच ओढ लागली होती, त्यांची अवस्था बघवत नव्हती. संध्याकाळी सगळे तिच्याभोवती जमायचे, ती पातेलंभर लिंबूपाणी करायची.

"आत्या, खांद्यात आली ना? आता श्वास लांब सोडा. येते आणि जाते."

"तू मला शिकवणार?"

"हो."

आत्यांनी श्वास सोडला. "गेली की गं," त्या थोड्या वेळाने आश्चर्याने म्हणाल्या. पुढच्या फेरीत त्यांनी माईकवर एकही घोषणा दिली नाही. पानटपरीच्या फळीवर त्या गृहस्थाशेजारी बसल्या, त्याचा धुतलेला रुमाल परत केला, आणि म्हणाल्या, "चौथ्यांदा सोडायची असेल तर आमच्याकडे लिंबूपाणी असतं."

डॉक्टरांचं पत्र आलं, किल्ली मिळाली, आणि एका सकाळी पिवळी बस शिर्क्यांच्या दारासमोर उभी राहिली. ज्ञानदा जाकीट चढवून बसली. पहिल्या फेरीला सोबत म्हणून जाई मागच्या सीटवर, पट्टा लावून. निरोप द्यायला सगळं घर फाटकात. अथर्वराव खास लवकर उठून आले होते.

आणि जाईला जांभई आली. चांगली मोठी, डोळे मिटून, सगळे दात दाखवणारी.

फाटकातल्या सासूबाईंना आली. त्यांच्याकडे बघून मल्हारला. मग आत्यांना, मग अथर्वरावांना. चौघांचे हात एकदम कानामागे गेले. तिथे काही नव्हतं. चौघांनी घाबरून ज्ञानदाकडे पाहिलं, तर स्टिअरिंगवर बसलेली ज्ञानदाही तोंडावर हात धरून जांभई देत होती.

"ही कुणाची?" आत्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"माझी," जाईने खिडकीतून सांगितलं. "लवकर उठवलं ना मला. कुणाला पाहिजे?"

"जावयांना दे आधी," सासूबाई सवयीने म्हणाल्या.

हसत हसतच ज्ञानदाने ब्रेक सोडला. पहिलं वळण जवळच होतं. तिने आधीच वेग कमी केला.